तेल निघाले, गाळ राहिला



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. म्हणून आजचा विषय त्यांच्या विषयाच्या जवळचा घेतला आहे. खनिज तेलाबद्दल आपण रोज काही ना काही बोलतो. पेट्रोलचा भाव, आयातीचे बिल, आखातातली युद्धे, समुद्रात सांडलेले तेल. पण जमिनीला हजारो फूट खोल भोक पाडून तेल किंवा वायू वर आणताना त्याच्याबरोबर आणखी काय काय वर येते आणि ते शेवटी कुठे जाते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज तेवढ्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

आधी या कचऱ्याची ओळख करून घेऊ. विहीर खोदताना खडक कापणाऱ्या बिटला थंड ठेवण्यासाठी, कापलेला चुरा वर आणण्यासाठी आणि खालचा दाब सांभाळण्यासाठी एक घट्ट द्रव सतत फिरवत ठेवतात. तेलक्षेत्रातली माणसे त्याला नुसते ‘मड’ म्हणतात. त्यात बेंटोनाइट ही फुगणारी माती असते, वजनासाठी बराइट म्हणजे बेरियम सल्फेट असते आणि अनेक रसायने असतात. हा मड कधी पाण्यात कालवलेला असतो, कधी डिझेलसारख्या तेलात. त्याच्याबरोबर वर येणारा खडकाचा चुरा म्हणजे ‘कटिंग्ज’. पुढे विहीर चालू झाली की तेलाबरोबर खारे पाणी येते. खडकात कोट्यवधी वर्षे अडकून पडलेले हे पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट असते. ते टाक्यांत साठवले की तळाशी तेलकट गाळ बसतो. पाइपांच्या आत दगडासारखा थर जमतो. पाणी गाळायच्या पिशव्या भरतात आणि फेकाव्या लागतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार 1985 या एका वर्षात अमेरिकेत 36 कोटी 10 लाख बॅरल ड्रिलिंगचा कचरा आणि सुमारे 2,090 कोटी बॅरल खारे पाणी निघाले. एक बॅरल म्हणजे 159 लिटर. यातले बहुतेक पाणी पुन्हा खोल विहिरींत दाबून भरतात. घन आणि अर्धघन माल मात्र जमिनीवरच राहतो आणि त्याला जागा लागते. ती जागा बऱ्याचदा लँडफिल असते.

अमेरिकेची उदाहरणे मी मुद्दाम घेणार आहे. तिथे हा कचरा प्रचंड आहे, त्याची नोंद बऱ्यापैकी उघड आहे, आणि त्यावरचे भांडण चाळीसहून अधिक वर्षे चालू आहे.

त्या भांडणाचे मूळ एका सवलतीत आहे. 1976 साली अमेरिकी काँग्रेसने कचऱ्याविषयीचा मोठा कायदा केला. घातक कचऱ्याचा जन्मापासून अंतापर्यंत हिशेब ठेवायचा, हे त्याचे सूत्र. 1980 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि तेल-वायूच्या शोधातून व उत्पादनातून निघणारा मड, खारे पाणी आणि अनुषंगिक कचरा अभ्यास पूर्ण होईपर्यंत घातक कचऱ्याच्या नियमांतून बाहेर ठेवला गेला. अभ्यास झाला. जुलै 1988 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ही सूट पुढेही चालू ठेवायचा निर्णय दिला. राज्यांचे नियम बहुतांशी पुरेसे आहेत, त्यांतल्या फटी बुजवू, आणि घातक कचऱ्याचे नियम लावले तर खर्च फार येईल, असा त्यामागचा विचार होता. पुढे पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. एप्रिल 2019 मध्ये ईपीएने पुन्हा सांगितले की नियम बदलायची गरज नाही.

ही सूट व्यवहारात कशी चालते ते ऐका. एखादे रसायन विहिरीच्या तोंडाशी पिंपात न वापरता शिल्लक राहिले, तर ते सुटीत बसत नाही. घातक ठरले तर घातक म्हणूनच त्याची विल्हेवाट लावावी लागते. तेच रसायन विहिरीत जाऊन वर आले, वाटेत आणखी मीठ, बेन्झिन आणि जड धातू घेऊन आले, की ते सुटीत बसते. कचऱ्यात काय आहे हे न पाहता तो कुठून आला एवढेच पाहायचे, असा हा नियम आहे. माझ्या मते हा निर्णय 1988 मध्ये चुकीचा होता आणि आजही चुकीचा आहे. खर्चाची अडचण खरी होती. पण खर्च त्यामुळे टळला नाही, तो फक्त दुसऱ्यांच्या अंगावर गेला.

कोणाच्या अंगावर गेला? लुइझियाना राज्यात ग्रँड बोआ नावाची लहानशी वस्ती आहे, जेमतेम तीनशे लोकांची. बरेचसे हूमा या मूलनिवासी समाजाचे. वस्तीला लागूनच तेलक्षेत्रातला कचरा टाकायचे उघडे खड्डे होते. मार्च 1994 मध्ये अलाबामातून एक्सॉन कंपनीचा कचरा घेऊन 81 ट्रक तिथे आले. गावात दुर्गंधी पसरली, लोकांना मळमळ आणि चक्कर यायला लागली, मुले आजारी पडली. ट्रक रिकामे करणारे कामगार संरक्षक पोशाखात होते. गावकरी रोजच्या कपड्यांत आपापल्या घरी होते. कायद्याच्या नोंदीत हा ‘घातक नसलेला तेलक्षेत्रीय कचरा’ होता. गावाने खटला भरला, दूरचित्रवाणीवर प्रश्न गाजला, राज्याला आपले नियम पुन्हा तपासावे लागले. पण ज्या नोंदीमुळे हे सगळे घडू शकले ती नोंद तशीच राहिली.

उघड्या खड्ड्यांपेक्षा आधुनिक लँडफिल पुष्कळ बरे, यात शंका नाही. त्याची रचना समजून घेऊ, म्हणजे ते कुठे बरे आहे आणि कुठे कमी पडते हे कळेल. तळाशी दाबून बसवलेल्या चिकणमातीचा निदान दोन फूट थर. त्यावर एचडीपीई या प्लास्टिकची साधारण दीड मिलिमीटर जाडीची चादर. तिच्यावर खडी आणि छिद्रांचे पाइप. पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपत खाली येते, त्याला लीचेट म्हणतात. हे लीचेट पाइपांतून ओढून बाहेर काढायचे, चादरीवर ते फूटभरापेक्षा जास्त साचू द्यायचे नाही आणि शुद्धीकरणाला पाठवायचे. लँडफिल भरले की वरूनही टोपण घालायचे. म्हणजे लँडफिल ही कचरा पुरायची जागा असली तरी तिचे सगळे यश पाण्याच्या बंदोबस्तावर उभे आहे.

तेलक्षेत्रातला कचरा या व्यवस्थेला चार-पाच ठिकाणी कुरतडतो. द्रव माल लँडफिलमध्ये चालत नाही, म्हणून गाळात भुसा, चुना किंवा राख मिसळून तो घट्ट करतात. रंग गाळायच्या जाळीत नमुना पाच मिनिटे ठेवून थेंब पडतो का ते पाहतात. थेंब पडला नाही तर माल आत. पण या परीक्षेत पाणी सुटते का एवढेच कळते, विष सुटेल का ते कळत नाही. तळाच्या अस्तरात वापरली जाणारी बेंटोनाइटची चिकणमाती गोड्या पाण्यात फुगून घट्ट बसते. कॅल्शियमने भरलेले खारे पाणी लागले की तिचे फुगणे कमी होते आणि पाणी जायला वाट मिळते. बेन्झिन, टोल्युइनसारखी द्रव्ये प्लास्टिकच्या अखंड चादरीतूनही हळूहळू पार होतात. चादर फाटायचीही गरज नसते.

आणि मग रेडियम. काळ्या शेल खडकात युरेनियम थोडे जास्त असते आणि युरेनियमच्या ऱ्हासातून रेडियम तयार होत राहते. खडकातल्या खाऱ्या पाण्यात ते सहज विरघळते. पेनसिल्व्हेनियातला मार्सेलस शेल सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीचा. 2011 मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने त्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी तपासल्या. रेडियमचा मध्यक निघाला लिटरमागे 2,460 पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचे एकक). पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे 5. हे पाणी कुणी पिणार नसते हे खरे. पण गाळात, पाइपांच्या थरात आणि गाळणीच्या पिशव्यांत हेच रेडियम गोळा होत जाते. आवर्तसारणीत ते कॅल्शियमच्याच उभ्या स्तंभात, खाली बसते, त्यामुळे शरीरात गेले की हाडांत जाऊन बसते. ज्यांनी आम्हाला आवर्तसारणी शिकवली त्यांना यातले गांभीर्य एका वाक्यात कळले असते.

इथे एक समाधान पुढे केले जाते. रेडियम बेरियमबरोबर सल्फेट होऊन बराइटच्या स्फटिकात अडकते आणि बराइट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा काळजी कशाला? कोरड्या, हवेशीर जागी हे बरोबर आहे. पण शहराच्या लँडफिलमध्ये याच कचऱ्याशेजारी स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजत असतो. कुजताना तिथला प्राणवायू संपतो. प्राणवायू नसला की सल्फेटवर जगणारे जीवाणू वाढतात, ते बराइटमधला सल्फेट वापरू लागतात आणि स्फटिक मोडतो. त्यात अडकलेले रेडियम पुन्हा पाण्यात सुटू शकते, हे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून तेलक्षेत्रातला कचरा आणि शहराचा ओला कचरा लँडफिलच्या एकाच कोठ्यात, म्हणजे कप्प्यात, टाकणे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक वाटते. दोन्ही वेगळे ठेवले तर निदान एकमेकांचा धोका वाढवणार नाहीत.

लीचेट पुढे कुठे जाते याचे उत्तर पेनसिल्व्हेनियातच मिळते. तिथल्या रोस्ट्रेव्हर टाउनशिपमधल्या एका लँडफिलमध्ये घरगुती कचऱ्याबरोबर ड्रिलिंगचा कचराही जात होता. त्याचे लीचेट पाइपाने बेल व्हर्नन या गावाच्या सांडपाणी केंद्रात जायचे आणि तिथून प्रक्रिया होऊन मोनोंगहिला नदीत. असे केंद्र जीवाणूंवर चालते. मैला खाऊन पाणी स्वच्छ करायचे काम तेच करतात. केंद्र चालवणाऱ्यांच्या लक्षात आले की जीवाणू मरत आहेत आणि बाहेर पडणारे पाणी परवान्याच्या मर्यादेत राहत नाही. त्यांनी नमुने तपासून घेतले, वरच्या अधिकाऱ्यांना सांगितले, शेवटी दोन परगण्यांचे सरकारी वकील न्यायालयात गेले आणि मे 2019 मध्ये न्यायालयाने ते लीचेट केंद्रात सोडायला मनाई केली. एका लहान गावाच्या मैलापाणी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी आपले काम नीट केले म्हणून हे उजेडात आले. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. जीवाणू मेले नसते, तर मीठ आणि रेडियम तसेच नदीत जात राहिले असते, कारण जीवाणू मीठही खात नाहीत आणि रेडियमही खात नाहीत.

जात राहिले तर काय होते, हे त्याच राज्यातल्या ब्लॅकलिक क्रीक या ओढ्यात दिसले होते. जोसेफीन इथल्या प्रक्रिया केंद्रातून तेलक्षेत्रातले खारे पाणी प्रक्रिया करून या ओढ्यात सोडत. केंद्रात बरेचसे रेडियम काढून घेतले जाई, तरीही ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना 2013 मध्ये पाणी सोडण्याच्या जागेजवळच्या गाळात वरच्या बाजूपेक्षा सुमारे 200 पट रेडियम आढळले. पाण्याचा एकेक नमुना मर्यादेत बसला तरी गाळ वर्षानुवर्षे साठवत राहतो. या खाऱ्या पाण्यातून नदीत गेलेल्या ब्रोमाइडचा आणखी एक त्रास आहे. खाली पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात क्लोरीन घातले की त्याच्यापासून ब्रोमीनयुक्त, अधिक घातक संयुगे तयार होतात.

पेनसिल्व्हेनियातल्या लँडफिलांच्या दारावर किरणोत्सर्ग ओळखणारी यंत्रे आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण दारावरचे यंत्र आत येणारा ट्रक पाहते, मागच्या बाजूने बाहेर जाणारे लीचेट पाहत नाही. लीचेटमध्ये रेडियम तपासायचे बंधन राज्याने 2021 मध्ये जाहीर केले. तोवर मार्सेलसमध्ये दहा-बारा वर्षे जोरात ड्रिलिंग झालेले होते.

नियम नुसता कडक केला आणि माल न्यायला जवळ जागाच दिली नाही तर काय होते, तेही पाहायला हवे. नॉर्थ डकोटात ग्रॅममागे 5 पिकोक्युरीपेक्षा जास्त रेडियम असलेला कचरा राज्यात टाकता येत नसे, बाहेर न्यावा लागे. 2014 मध्ये गाळणीच्या पिशव्या वॉटफर्ड सिटीजवळ ट्रेलरवर उघड्या आणि नूननमधल्या एका बंद पेट्रोल पंपात ढिगाने सापडल्या. राज्याने पुढे ठरावीक लँडफिलांसाठी मर्यादा 50 केली. दूरच्या ऑरेगन राज्यात असा किरणोत्सर्गी कचरा टाकायला बंदी आहे. तरीही 2016 ते 2019 या काळात नॉर्थ डकोटाचा हजार टनांहून अधिक माल तिथल्या आर्लिंग्टनच्या लँडफिलमध्ये जाऊन पुरला गेला होता. कागदांवरून तो ओळखायला इतका वेळ लागला. मर्यादा किती असावी यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. ट्रक कुठून निघाला, कुठे गेला, त्यात काय होते, याची नोंद असावी यावर मतभेद असायचे कारण नाही, आणि नेमकी तीच नोंद सुटीमुळे ढिली झाली.

आता काळाचा हिशेब. अमेरिकेत लँडफिल बंद केल्यावर सामान्यतः 30 वर्षे त्याची देखभाल करायची असते. रेडियम-226 चे अर्धआयुष्य 1,600 वर्षे आहे. अजिंठ्याची महायान लेणी पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात कोरली जात होती, तेव्हा कोणी रेडियम पुरले असते तर आज त्यातले निम्म्याहून थोडे अधिक अजून शिल्लक असते. 30 वर्षांनंतर पंप कोण चालवणार, टोपणाला पडलेली भेग कोण बुजवणार, कोणत्या पैशातून, याचे उत्तर परवाना देतानाच लिहून घ्यायला हवे.

आपल्याकडे काय? भारताने एका बाबतीत शहाणपण दाखवले आहे आणि ते मोकळेपणाने सांगायला हवे. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात तेल-वायू उत्पादनातला तेलकट गाळ, तेलयुक्त मड आणि पाण्यात कालवलेला मड सोडून इतर मडच्या कटिंग्ज स्पष्टपणे घातल्या आहेत. म्हणजे तेलक्षेत्रातून आला म्हणून माफ, असे आपल्या नियमात नाही. 2005 च्या अधिसूचनेत जमिनीवरच्या ड्रिलिंगचा कचरा पाणी न झिरपणारे अस्तर असलेल्या खड्ड्यातच टाकावा असे सांगितले आहे. टेरी या संस्थेने तेल खाणाऱ्या जीवाणूंचे मिश्रण तयार केले, ओएनजीसीबरोबर त्यासाठी कंपनी काढली आणि तेलकट गाळावर ते वापरले जाते. हे काम अभिमानाचे आहे. फक्त त्याची मर्यादा लक्षात ठेवायची: जीवाणू तेल संपवतात. बेरियम, क्रोमियम, मीठ आणि किरणोत्सर्गी द्रव्ये मागे राहतात, आणि ती तपासल्याशिवाय ‘माती स्वच्छ झाली’ असे म्हणता येत नाही.

शिवाय किरणोत्सर्गी कचरा या 2016 च्या नियमांच्या बाहेर आहे. तो अणुऊर्जेविषयीच्या कायद्याखाली येतो. एक खाते तेल पाहते, दुसरे किरणोत्सर्ग. ट्रक मात्र एकच असतो. दोन खात्यांच्या मधल्या जागेत काही पडत नाही ना, हे पाहणारे कुणीतरी हवे.

महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाही. 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागले आणि पुढे समुद्रातले तेल उरणला येऊ लागले. घातक कचऱ्यासाठी तळोजा आणि रांजणगाव इथे सामायिक केंद्रे आहेत. कोकणाचा पाऊस मनात धरून लँडफिलचा विचार करा. पेनसिल्व्हेनियात वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडतो. आपल्याकडे पनवेल-उरण पट्ट्यात अडीच मीटर धरा, आणि तोही चार महिन्यांत. एक हेक्टर कोठा पावसाळाभर उघडा राहिला तर त्यावर अडीच कोटी लिटर पाणी पडते. त्यातले थोडेच झिरपले तरी लीचेटच्या टाक्यांना ते पेलत नाही. म्हणून पावसाळ्यात कोठा झाकून ठेवणे, माल छपराखाली साठवणे आणि टाकी किती भरली याची रोज नोंद ठेवणे ही आपल्याकडची पहिली अट असली पाहिजे. तेलविहिरी ज्या वरच्या आसामात आहेत, तिथेही पाऊस काही कमी नाही, आणि तिथे विहिरीशेजारी भातशेते आणि बील, म्हणजे पाणथळ तळी, आहेत.

नागरिकांच्या हातातले एक साधन मात्र आखूड झाले आहे. जानेवारी 2020 मधल्या दुरुस्तीने तेल-वायूच्या शोधासाठीच्या विहिरी पर्यावरण मंजुरीच्या अशा वर्गात टाकल्या गेल्या, जिथे जनसुनावणी लागत नाही. शोधविहिरीचाही मड असतो आणि कटिंग्जही असतात. ही दुरुस्ती मागे घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरी काही साधने अजून शाबूत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या आदेशानुसार घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्याला तो किती आणि कोणता निघतो हे मुख्य दारावर फलकावर लिहावे लागते. तुमच्यापैकी पुष्कळजण तळोजा, रसायनी, पाताळगंगा, लोटे, रांजणगाव या भागांत राहता किंवा कामाला जाता. जाता-येता हे फलक वाचा. आकडे जुने असतील, पुसलेले असतील, लीचेट कुठे जाते हे कुणी सांगत नसेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा. पत्राची पोच घ्या आणि उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात पुन्हा अर्ज करा.